बावीस नंबरचा खिळा

९ ऑक्टोबर

खारूताई,

पत्राच्या सुरुवातीला ‘कशी आहेस’ असं लिहायची पद्धत आहे, पण ते विचारायचा हक्क मी घालवून बसलोय. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. आपल्या बर्फाच्या कारखान्याचं हॉटेल झालंय.

हसू नकोस, खरंच झालंय. सात वर्षं कुलूप होतं, छपराचे पत्रे गंजून खाली आले होते, आत कुत्री वीत होती. मग एक बाई आली. चाळिशीची असेल. परदेशात स्वयंपाक शिकलेली आहे म्हणे. तिनं जागा घेतली, भिंती पांढऱ्या केल्या, खिडक्या निळ्या केल्या, आणि समुद्राच्या बाजूची अख्खी भिंत पाडून तिथं काच बसवली. तीस वर्षं मी त्या भिंतीला पाठ लावून डबा खाल्ला. पलीकडे समुद्र इतका जवळ आहे हे आत्ता कळतंय. दारावरच्या पाटीवर लिहिलंय, भूमध्य समुद्राकाठचं जेवण. बगळा म्हणतो, आपल्या समुद्रात काय कमी होतं म्हणून बाईंनी दुसऱ्याचा समुद्र आणला? बगळा म्हणजे आपला क्रेनवाला, एका पायावर भार देऊन उभा राहायचा तो. तुला लहानपणी बर्फाच्या लादीवर बसवून फिरवायचा आणि तुझी आई मला बोलायची.

तर त्या बाईंनी जुन्या कामगारांना हॉटेल उघडायच्या आदल्या दिवशी, अठरा तारखेला, दुपारच्या जेवणाला बोलावलंय. माझ्या खोलीवर जाडजूड कार्ड आलं. त्यावर ‘आपण व आपले कुटुंबीय’ असं छापलंय. कुटुंबीय म्हणून आता मी एकटाच. तुझी आई गेली त्याला पाच वर्षं होतील. तेव्हाही तू दारातूनच तिला पाहून परत गेलीस.

तू यावंस असं वाटतं. नातीलाही आण. चौदाची झाली असेल. मी पाहिली तेव्हा तीन वर्षांची होती आणि मला ‘बाबांचे बाबा’ म्हणायची, कितीही समजावलं तरी ‘आईचे बाबा’ म्हणायची नाही.

मला कळतं की तुझा नवरा जिथं गेला त्या जागी जेवायला ये असं सांगणं बरं दिसत नाही. पण तो माझाही जावई होता, आणि त्याच्याबरोबर मी सहा वर्षं त्याच छपराखाली काम केलं. चौकशीत मी जे सांगितलं ते विचारलं म्हणून सांगितलं. फोरमन होतो, सांगणं भाग होतं. त्या दिवशी तू मधेच उठून गेलीस ती गेलीसच. अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत माणसं खूनसुद्धा विसरतात गं.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो, पण खोडलं की कागद घाण दिसतो.

माझी आधीची पत्रं तू उघडतेस की नाही ते माहीत नाही. परत मात्र एकही आलेलं नाही, एवढ्यावर हे लिहितोय.

तुझे बाबा


२० ऑक्टोबर

खारूताई,

तू आली नाहीस. येणार नाहीस हे ठाऊक होतं, तरी मी शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवून जागा अडवली होती. शेवटी बगळ्यानं टोपी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली आणि स्वतः तिथं बसला.

आम्ही अकराजण होतो. बाकीचे गेले, नाहीतर येण्यासारखे राहिले नाहीत. सगळ्यांनी ठेवणीतले शर्ट घातले होते आणि सगळेच्या सगळे दारात पाय पुसत उभे. जिथं जन्मभर गमबूट घालून पाण्यातून चाललो तिथं पाय पुसून आत जायचं म्हणजे चमत्कारिकच वाटलं.

जेवणाचं सांगतो, तुला खाण्यापिण्याच्या गोष्टी आवडायच्या. आधी हिरव्या-काळ्या ऑलिव्हची वाटी आली. बगळ्यानं एक तोंडात टाकलं आणि बी थुंकायची कुठं ते न कळल्यामुळे बीसकट गिळलं. मग वाटलेल्या हरभऱ्याची पांढरट चटणी, वर तेलाचं तळं. मग भाजलेलं वांगं, दह्यातली काकडी, खारट पनीर, भट्टीतले फुगलेले रोट. ‘नुसत्या चटण्याच चाटवणार का ही बाई?’ असं कोणीतरी मोठ्यानं म्हणालं आणि मालकीणबाई स्वतः हसल्या. मग अख्खा मासा आला, निखाऱ्यावर भाजलेला, पोटात लिंबाच्या चकत्या. मासा मात्र आपल्याच समुद्रातला. आम्ही अकराही जणांनी आधी त्याचे डोळे आणि कल्ले पाहिले, मग काटा उचलला. ज्यांचं आयुष्य मासा ताजा ठेवण्यात गेलं त्यांची खोड अशी जात नाही.

माझं टेबल कुठं होतं सांगू? दोन नंबरच्या मशीनच्या जागी. फरशी नवी आहे, पण बाईंनी जुन्या पायाचे चार बोल्ट शोभेसाठी तसेच ठेवलेत. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

आणि समोरच्या भिंतीवर बिल्ल्यांची फळी.

मालकीणबाईंना ती भंगारात सापडली. ब्रासोनं घासून लख्ख केलीय. तीन ओळी, तीस खिळे, त्यांवर पितळी बिल्ले, खाली दिवा सोडलाय. मालकीणबाई म्हणाल्या, ‘फोरमनकाका, हे काय असायचं ते सगळ्यांना सांगा ना.’ मला उभं राहावं लागलं. तुला माहीत आहे, तरी मी काय बोललो ते लिहितो. म्हटलं, प्रत्येकाचा एक नंबर. माझा चार. एखादा माणूस मशीन उघडायला गेला की त्यानं इथला आपला बिल्ला काढायचा आणि त्या मशीनच्या व्हॉल्व्हच्या चाकावर लावायचा. चाकावर बिल्ला दिसला की ते चाक कोणी फिरवायचं नाही, मग मालक येवो की मालकाचा बाप. काम झालं की तो स्वतः येऊन बिल्ला काढणार आणि परत इथं लावणार. ज्यानं लावला त्यानंच काढायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. पाळी सुटताना मी ह्या फळीकडे बघायचो. सगळे खिळे भरलेले असले की सगळे बाहेर. खिळा रिकामा, म्हणजे माणूस अजून आत.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मालकीणबाई फळीकडे बघत म्हणाल्या, ‘पण इथं एकोणतीसच आहेत. बावीस नंबरचा खिळा रिकामा आहे. तो कुणाचा?’

काटे-चमचे वाजायचे थांबले. बगळा माझ्याकडे बघत होता. शेवटी मीच म्हटलं, ‘हरवला असेल.’ आणि खाली बसलो आणि मासा खाल्ला. चव काय होती विचारशील तर सांगता येणार नाही.

अजून एक. त्यांच्या मेनूकार्डाच्या मागच्या पानावर कारखान्याचा इतिहास छापलाय. कधी बांधला, रोज किती लाद्या निघायच्या, असं. शेवटून दुसरी ओळ अशी आहे: ‘एका कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या अमोनियाच्या अपघातानंतर कारखान्याला उतरती कळा लागली.’ बाईंचा दोष नाही. चौकशीच्या अहवालात तसंच लिहिलंय.

तू आली नाहीस ते बरं झालं.

बाबा


४ नोव्हेंबर

खारूताई,

हे पत्र रागात लिहितोय, तेव्हा वाचायचं तर सावकाश वाच.

मालकीणबाई काल खोलीवर आल्या होत्या. त्या रिकाम्या खिळ्यानं त्यांना चैन पडत नाही. जेवायला येणारे तेच विचारतात म्हणे, बावीस कुठं? त्यांनी पितळेचा नवा बिल्ला करून घ्यायचं ठरवलंय. नमुना म्हणून माझा चार नंबरचा काढून आणला होता. ‘काका, आकडे असेच कोरायचे ना? भोक वर की बाजूला?’ मी म्हटलं, अजिबात करायचा नाही. जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं. बिचारी दचकली. माझा बिल्ला टेबलावरून उचलून पर्समध्ये ठेवला आणि ‘बरं, राहू दे’ म्हणून गेली.

खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

ती गेली आणि तुझी मावशी आली, तीन जिने चढून, धापा टाकत. मी चहा टाकला. बोलता बोलता सहज म्हणाली, ‘तुमची लेक वाळून काटकी झालीय. अजून दुपारचं जेवत नाही ती.’ मी म्हटलं, उपास करते की काय? तर माझ्याकडे अशी बघायला लागली की मी खुळा आहे. म्हणाली, ‘तुम्हाला माहीत नाही? त्या दिवसापासून दुपारचा घास घेतला नाही तिनं. तिनं डबा दिला नव्हता ना त्याला. तो उपाशी होता, चक्कर आली असेल, म्हणून बिल्ला लावायचं विसरला, म्हणून गेला. तुम्हीच तर सांगितलंत चौकशीत.’

चहा उतू गेला. मावशीनं गॅस बंद केला.

मी अकरा वर्षं समजत होतो की तू माझ्यावर चिडून उठून गेलीस. नवऱ्याला दोष दिला म्हणून. ते मला सोसत होतं. रागावलेली मुलगी आज ना उद्या ओरडायला तरी येते, म्हणून वाट बघत होतो.

एकच विचारतो. मावशी सांगते ते खरं आहे का? उत्तर देऊ नकोस हवं तर. खरं असणारच. तुझी मावशी तिखटमीठ लावते, पण जेवणाखाणाच्या बाबतीत खोटं बोलत नाही.

बाबा


६ नोव्हेंबर

खारूताई,

ह्या पाकिटात काहीतरी जड आहे ते तुला हाताला लागलंच असेल. आधी पत्र वाच, मग ते काढ.

तुला खारूताई नाव मी ठेवलं, कारण तू पेन्सिलीचे तुकडे, बटणं, चॉकलेटचे कागद माझ्या गमबुटात लपवायचीस आणि मग विसरायचीस. तुझी आई म्हणायची, लपवायची कला बापाकडून आलीय. ते खरं होतं. फक्त मी लपवलेलं विसरलो नाही.

त्या दिवशी धक्क्यावर एकोणीस बोटी बर्फासाठी खोळंबल्या होत्या. दोन नंबरचं मशीन सकाळपासून बंद होतं. जावई मागच्या खड्ड्यात उतरून अमोनियाच्या पाइपाचा सांधा उघडून बसला होता. आणि त्याचा बावीस नंबरचा बिल्ला व्हॉल्व्हच्या चाकावर होता. होता, बाळ. मी शपथेवर सांगितलं की नव्हता.

तुला सगळ्यात आधी हे कळायला हवं: तो उपाशी नव्हता. साडेदहाला तो खड्ड्यातून वर आला, हात पुसले आणि डबे ठेवायच्या कट्ट्यावर एकच डबा बघून हसला. म्हणाला, ‘बाबा, आज मला घरून संप आहे.’ आम्हा दोघांचे डबे रोज तू द्यायचीस, त्या दिवशी माझा एकट्याचाच दिला होतास. मी म्हटलं, काय केलंस? म्हणाला, ‘लेकीचे बूट चार दिवस झाले दुरुस्तीला दिलेत, आणायचं विसरतोय. आज आणलेत. पण आता लगेच सांगितलं तर तिचा संप फुकट जाईल. संध्याकाळी दाखवतो.’ माझ्या डब्यात पाव होता आणि दोन उकडलेली अंडी. दोन्ही अंडी त्यानं खाल्ली. मी पाव खाल्ला. वर म्हणतो कसा, ‘तुमच्या मुलीला सांगू नका.’ मी सांगितलं नाही. इतकं ऐकायला नको होतं मी त्याचं.

तो रागावलेला नव्हता. तो तुला हसत होता, चांगल्या अर्थानं.

मग म्हणाला, सांध्यात बसवायचं गॅस्केट पुरलं नाही तर स्टोअरला जावं लागेल, आणि परत खाली उतरला.

आता माझं. आपल्याकडे एक गंमत चालायची, तुला माहीत असेल. जो आपला बिल्ला चाकावर विसरून इकडेतिकडे गेला, त्यानं पाळी सुटल्यावर सगळ्यांना चहा पाजायचा. विसरलेला बिल्ला कोणी काढायचा नाही, मला सांगायचं, मी त्या माणसाला शोधून चाकापाशी उभा करायचो, त्याच्याच हातानं काढायला लावायचो, आणि मग हशा आणि चहा. बगळ्यानं त्यात सगळ्यात जास्त चहा पाजला. तुझा नवरा सहा वर्षांत एकदाही सापडला नव्हता.

सव्वाबाराला मॅनेजर वरून ओरडत होता, बोटींचे भोंगे वाजत होते. मी दोन नंबरपाशी गेलो. बिल्ला चाकावर, पण हत्यारांची पिशवी नेहमीच्या जागी नाही. मी दोन हाका मारल्या. एक नंबरचं मशीन धडधडत होतं, माझी हाक मलाच ऐकू आली नाही. मला वाटलं, हा गॅस्केट आणायला स्टोअरला गेला आणि बिल्ला विसरला. आणि मला आनंद झाला. सापडला एकदाचा जावई, म्हटलं. त्याला शोधत बसायला वेळ नव्हता. त्याचा बिल्ला काढून मी खिशात टाकला, चहाच्या वेळी सगळ्यांसमोर काढून दाखवायला. आणि चाक फिरवलं. मी हसत होतो.

पिशवी त्यानं खाली नेली होती. वर फरशीवर पाणी होतं आणि पिशवीत बूट होते. ते भिजू नयेत म्हणून नेली असणार. पिशवी तुझ्या हातात दिली तेव्हा बूट कोरडे होते ते तू पाहिलंसच.

माणूस आत नाही असं वाटणं आणि माणूस आत नसणं, ह्या दोन गोष्टी वेगळ्या. म्हणूनच तर तो नियम. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मीच हे शिकवायचो.

संध्याकाळपर्यंत बिल्ला माझ्या खिशात होता आणि चाकावर बिल्ला नव्हता असं सगळे म्हणत होते. त्यानं तो फळीवरून काढला, चाकावर लावायचा विसरला आणि कुठंतरी पडला, असं सगळ्यांनी धरलं; कोणी मला विचारलंच नाही. मी फक्त गप्प बसलो. मग चौकशीत विचारलं, तेव्हा गप्प बसून भागेना. मॅनेजरनं मला काही शिकवलं नाही, धमकावलं नाही. ‘घरी भांडण झालं होतं, डबा आणला नव्हता, सकाळपासून उपाशी होता, लक्ष ठिकाणावर नसणार,’ हे वाक्य माझं स्वतःचं. मला माझी कातडी वाचवायची होती आणि हाताला जे आलं ते मी पुढे केलं. हाताला तुझा डबा आला.

पुष्कळ वर्षं मी मनाला सांगत आलो की खरं सांगितलं तर तुला नवराही नाही आणि बापही नाही असं होईल, म्हणून तुझ्यासाठी गप्प आहे. ते खोटं आहे. मी भ्यालो होतो, आणि मग भिण्याची सवय झाली.

बिल्ला पाकिटात आहे. पेटीत, तुझ्या आईच्या शालीत गुंडाळून ठेवला होता. तिला माहीत नव्हतं. मी तो फळीवर लावणार नाही. एकदा मी त्याला नको तेव्हा हात लावलाय. तो तुमचा आहे, तुझा आणि नातीचा. फेकलात तरी तुमचा.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही आणि तू दिलीस तर ती कुठं ठेवू ते कळणार नाही. एकच मागतो. दुपारचं जेव. तुझा त्यात काडीचा दोष नव्हता. तो दोन अंडी खाऊन हसत खाली उतरला होता.

फोरमन, चार नंबर


२७ नोव्हेंबर

खारूताई,

तुझं उत्तर नाही, ते अपेक्षित नाही. हे नुसतं कळवायला.

मी सांगायला लागलोय. आधी बगळ्याला सांगितलं. आम्ही रोज सकाळी धक्क्यावर बाकावर बसतो, तिथंच. तो म्हणाला, ‘त्याचं मढं मी क्रेननं वर काढलं रे. तू शेजारी उभा होतास. तेव्हा तुझ्या खिशात होता?’ मी हो म्हटलं. तो उठला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून तो पलीकडच्या बाकावर बसतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

मग कामगार सुरक्षेच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून माझ्या नातवासारखा दिसत होता, मला नातू असता तर. त्यानं माझा लेखी जबाब दोनदा वाचला आणि म्हणाला, ‘आजोबा, कारखाना नाही, मॅनेजर वारला, फाइल बंद आहे. आता ह्याचं मी काय करू?’ मी म्हटलं, शिक्का मार आणि फाइलला जोड. त्यानं साहेबांना विचारून शिक्का मारला. एक प्रत ह्या पत्राबरोबर आहे. पुढं काय व्हायचं ते होईल. बहुतेक काही होणार नाही.

शेवटी मालकीणबाई. दुपारची गर्दी ओसरल्यावर गेलो. उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी मेनूकार्डं गोळा करून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, ‘ती ओळ काढून टाकते.’ मी म्हटलं, काढू नका, बदला. आणि मी सांगतो ती लिहा. नवी ओळ अशी आहे: ‘कामगार आत असताना फोरमनने नियम मोडून त्याचा बिल्ला काढला व व्हॉल्व्ह उघडला, त्या अपघातात कामगाराचा मृत्यू झाला. कामगाराची काहीही चूक नव्हती.’ त्या म्हणाल्या, ‘काका, लोक जेवताना हे वाचणार.’ मी म्हटलं, वाचू देत.

निघताना सवयीनं त्यांनी विचारलं, ‘जेवलात का?’ मी नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. त्यांचंही बरोबर आहे.

बाबा


१५ डिसेंबर

खारूताई,

काल मालकीणबाईंचा फोन आला. ‘काका, जरा येऊन जा,’ एवढंच. त्या दिवसानंतर त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या. मी चप्पल घालायचं विसरून दोन जिने उतरलो, मग परत वर आलो.

तू आली होतीस, हे त्यांनी मला खुर्ची देऊन सांगितलं. परवा दुपारी एक वाजता. एक बाई, बारीक, केस पिकायला लागलेले, आणि बरोबर उंच मुलगी. उंच आहे का ती? बापावर गेली म्हणायची. तुम्ही फळीखालचं टेबल मागून घेतलंत. मुलीनं मेनूकार्ड उलटं करून मागचं पान वाचलं, मग तुझ्याकडे बघितलं, आणि तू मान हलवलीस. ह्यापलीकडे तुम्ही त्यावर बोलला नाहीत.

मी विचारलं, जेवली का? मालकीणबाई म्हणाल्या, ‘हो, रोट घेतले, चटणी घेतली, मासा घेतला. मासा त्यांनी काटे काढून मुलीला दिला.’ मी म्हटलं, आणि ती? स्वतः ती जेवली का? ‘जेवल्या काका. ताट पुसून जेवल्या.’ मी अजून एकदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. ‘तिसऱ्यांदा विचारताय,’ म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. जेवण झाल्यावर तू उठलीस, पर्समधून बिल्ला काढलास आणि मुलीच्या हातात दिलास. तिनं टाचा उंचावून बावीस नंबरच्या खिळ्यावर लावला. वाकडा झाला तो तू सरळ केलास. दोघी जरा वेळ उभ्या राहिलात. काचेबाहेर भरती होती, एवढंही बाईंना आठवतं.

आणि मग तू हात लांब करून चार नंबरचा काढलास आणि पर्समध्ये टाकलास.

वाढणारी बाई धावली, अहो, तो शोभेचा आहे, घेता येणार नाही. मालकीणबाईंनी तिला थांबवलं. तेव्हा तू त्यांना म्हणालीस, ‘ज्याचा आहे तो विचारायला आला तर सांगा, माझ्याकडे आहे.’ आणि दोघी गेलात. तिथून माझी खोली चालत दहा मिनिटांवर आहे. तू स्टेशनकडे वळलीस हे त्यांनी काचेतून पाहिलं. मी त्या वेळी खोलीतच होतो, विस्तव गेलेल्या चुलीसारखा बसून.

मी उठून फळीपाशी गेलो. बावीस नंबर जागेवर आहे. अकरा वर्षांनी तुझा नवरा बाहेर आला. मला त्या पितळेला बोट लावून बघावंसं वाटलं. लावलं नाही.

चार नंबरचा खिळा रिकामा आहे. त्याच्या खाली फळीवर बिल्ल्याएवढा गोल, बाकीच्या रंगापेक्षा जरा उजळ दिसतो. मालकीणबाई मागून म्हणाल्या, ‘काका, चारचा नवा करून घेऊ का? नाहीतर लोक परत विचारत बसतील.’

मी म्हटलं, नको. ज्याच्या हातात बिल्ला आहे त्यानं तो परत लावेपर्यंत त्या खिळ्याला कोणी हात लावायचा नाही. आणि कोणी विचारलंच तर खरं ते सांगायचं. म्हणायचं, चार नंबर अजून आत आहे.

तो तुझ्याकडे राहू दे. कधी आणशील ते विचारणार नाही, आणशील का तेही विचारणार नाही. दुपारी जेवत जा.

बाबा